आईंच्या कागदावर ‘युथायरॉइड’ लिहिलंय, मग गोळी बंद केली तर काय बिघडलं?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

“ताई, मी मालवण तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. सहा वर्षं झाली, त्यांना रोज सकाळी थायरॉइडची ७५ची गोळी आहे. जुलैमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फिजिशियनकडून फिटनेस आणायला सांगितला, त्या कागदावर ‘नोन केस ऑफ हायपोथायरॉइडिझम, युथायरॉइड ऑन थायरॉक्सिन’ असं लिहून दिलंय. शेजारच्या काकींनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘यू म्हणजे तुका गो, तुका थायरॉइड झालो असा लिवलेला असा.’ आई एवढ्या घाबरल्या की दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग ह्यांनी मुंबईहून व्हॉट्सॲपवर फोटो मागवला, शोधून बघितलं आणि म्हणाले, युथायरॉइड म्हणजे थायरॉइड नॉर्मल, आई बरी झाली, गोळी बंद कर. आईंना तेच हवं होतं, ‘बरी झालंय तर गोळी कित्याक खाव?’ चतुर्थीच्या आधी बंद केली, आता सात आठवडे होतील. ऑपरेशन चतुर्थीमुळे पुढे गेलं ते दिवाळीच्या आधी ठरलंय. पण हल्ली आई दुपारभर झोपून असतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पोट साफ होत नाही, आणि ह्या ऑक्टोबरच्या उकाड्यात चादर ओढून घेतात. हे म्हणतात वय झालं. खरं काय समजायचं? आणि आम्ही समुद्राकाठची माणसं, रोज मासे, मग थायरॉइड झालाच कसा? अजून एक, सासऱ्यांना गेल्या वर्षी न्यूमोनिया झालेला तेव्हा त्यांच्या पेपरवर ‘सिक युथायरॉइड’ होतं, पण त्यांना गोळी दिलीच नाही. त्यांचं काही राहून गेलंय का?”

आधी कामाचं बोलते, शब्दाचं मग. हे वाचून झालं की पहिला फोन त्या फिजिशियनना कर ज्यांनी कागद दिला, आणि लाजायचं नाही, सरळ सांग की गोळी सात आठवडे बंद आहे आणि आईंना असं असं होतंय. ते बहुतेक टीएसएच आणि फ्री टी-फोर ह्या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करायला सांगतील. गोळी किती पॉवरची सुरू करायची ते त्यांनाच ठरवू दे. पुष्कळदा होती तीच परत देतात, पण वय साठीच्या वर आहे, हृदयाचं काही दुखणं असेल तर कमीपासून चढवत नेतात, म्हणून घरच्या घरी डोस ठरवायचा नाही, आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढू म्हणून दोन दोन तर अजिबात द्यायच्या नाहीत. दुसरा फोन डोळ्यांच्या डॉक्टरांना. कारण तो फिटनेसचा कागद जुलैचा आहे आणि त्यावर जे लिहिलंय ते आता खरं राहिलेलं नाही, हे त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर नाही, आधी कळायला पाहिजे. आणि मध्येच कधी आईंना हाक मारून उठवता येत नाहीये, बोलणं असंबद्ध होतंय, अंग गार लागतंय, श्वास मंद चाललाय असं वाटलं तर फोनबिन काही नाही, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. अशी वेळ क्वचितच येते, तुझ्या पत्रातल्या खुणांवरून तसं वाटत नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

मी डॉक्टर नाही हे दरवेळी लिहिते, आजही लिहिते. मी बावीस वर्षं बाजारपेठेत लॅब चालवली, रक्त काढलं, मशीनवर लावलं आणि रिपोर्ट हातात दिले. त्यामुळे औषध सांगणं हे माझं काम नाही, पण कागदावरचे शब्द घरी जाऊन काय काय उद्योग करतात ते मी पुष्कळ बघितलंय.

आता शब्द. काकींवर हसू नको, त्यांनी अर्थ लावायचा प्रयत्न तरी केला, बाकीचे तर कागद न वाचताच पिशवीत घालतात! फक्त ते इंग्लिशमधलं ‘यू’ म्हणजे ‘तू’ नाही. ते ग्रीक ‘इयु’ आहे, म्हणजे चांगलं, नीट, आपल्या संस्कृतातला ‘सु’ जसा. सुवास, सुगरण, सुस्थिती यातला सु. तोच ‘यु’ युकॅलिप्टसमध्ये पण आहे, आपल्या निलगिरीचं ते नाव, ‘नीट झाकलेलं’ असा त्याचा अर्थ, कळीवर टोपण असतं म्हणून. तर युथायरॉइड म्हणजे मराठीत करायचंच झालं तर सु-थायरॉइड. थायरॉइडचं काम सुरळीत आहे, रक्तात त्याचं हार्मोन जेवढं पाहिजे तेवढं आहे. हार्मोन कमी पडलं तर हायपो, जास्त झालं तर हायपर, आणि जागेवर असलं की यु. तीन भावंडं समज. पाठ्यपुस्तकात ह्या ग्रंथीला अवटु ग्रंथी म्हणतात पण ते नाव घेऊन बाजारात कोणाला विचारलंस तर कोणी ओळखणार नाही.

मुळात आपण ‘मला थायरॉइड आहे’ असं म्हणतो तिथेच गोंधळ सुरू होतो. थायरॉइड सगळ्यांनाच असतो बाई, गळ्यात पुढे, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी छोटी ग्रंथी, वजन वीसेक ग्रॅम. ‘मला किडनी आहे’ असं कोणी सांगत फिरत नाही. पण थायरॉइडचं नाव अवयवाचं राहिलंच नाही, आजाराचं झालं. म्हणून कागदावर थायरॉइड हा शब्द दिसला की काकी म्हणणार ‘झाला’, आणि त्याच्या पुढे नॉर्मल दिसलं की तुझे मिस्टर म्हणणार ‘गेला’. दोघांचंही अर्धं अर्धं वाचून झालं.

मिस्टरांनी अर्थ बरोबर शोधला, ते मान्य. चुकले कुठे, तर पुढचे दोन शब्द सोडून दिले. ‘ऑन थायरॉक्सिन’. म्हणजे थायरॉक्सिन, तीच आईंची रोजची गोळी, चालू असताना. अख्खं वाक्य मराठीत असं होतं की ह्या बाईंची ग्रंथी कमी काम करते हे आम्हाला ठाऊक आहे, पण बाहेरून गोळी दिल्यामुळे आज रक्तातला आकडा बरोबर आहे. युथायरॉइड हे आजाराचं नाव नाही आणि आजार गेल्याचं सर्टिफिकेट पण नाही. त्या दिवशी, त्या रक्तात, त्या गोळीवर काय परिस्थिती होती एवढंच ते सांगतं. आईंना त्यांच्या भाषेत सांगायचं तर, बरी झालंस म्हणान गोळी सोडूची नाय, गोळी खातंस म्हणान बरी असंस.

नुसत्या ‘नॉर्मल’ ह्या शब्दाचा मला एवढा राग का, तर माझ्या हातून झालेली एक चूक आहे. लॅब सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. एक बाई यायच्या, मासे विकायच्या, रिपोर्ट न्यायला आल्या की टोपली बाहेर ठेवून यायच्या आणि हात पदराला पुसून मग कागद घ्यायच्या, कागदाला वास लागू नये म्हणून. एकदा गर्दी होती, त्यांनी विचारलं कसा आहे रिपोर्ट, मी मान वर न करता म्हटलं, “नॉर्मल आहे हो, काही नाही तुम्हाला.” झालं! त्या आठ महिने आल्याच नाहीत. आल्या तेव्हा मी ओळखलं नाही. आवाज पुरुषासारखा जाड झालेला, भुवया बाहेरच्या बाजूने विरळ, चेहरा फुगलेला, चालताना एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. टीएसएच लावला तर मशीनने शंभराच्या वर एवढंच छापलं, पुढे त्याला मोजताच येत नव्हतं. विचारलं गोळी घेता ना, तर त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. “तुम्हीच सांगितलंत ना, काही नाही म्हणून.” बाजारात दिवसभर उभं राहून मासे विकणारी बाई, तिला ‘आज नॉर्मल’ आणि ‘कायमचं नॉर्मल’ ह्यातला फरक मी चार सेकंदात सांगायला पाहिजे होता, नाही सांगितला. त्या पुढे सावरल्या, गोळी परत चालू झाल्यावर तीन-चार महिन्यांत टोपली घेऊन येऊ लागल्या. पण तेव्हापासून मी कधीही कोणालाही नुसतं ‘नॉर्मल’ म्हटलं नाही, ‘गोळीवर नॉर्मल, गोळी चालू ठेवा’ असंच म्हणायचे, आणि डॉक्टर लोकांनी पण कागदावर हेच पाच शब्द मराठीत लिहावेत असं माझं मत आहे. कागद एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो हे खरं, पण तो जातो कोणाच्या पिशवीतून?

आता तू विचारशील की गोळी बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तर आई मस्त होत्या, चतुर्थीला मोदक वळले, आरत्या केल्या, मग? तिथेच तर फसायला होतं. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश जातं. आज असलेलं अर्धं व्हायला साधारण आठवडा लागतो, उरलेल्याचं अर्धं व्हायला आणखी एक आठवडा, असं ते ओहोटीसारखं हळूहळू उतरतं, म्हणून एक दिवस गोळी चुकली तर काहीही कळत नाही आणि चार दिवस चुकली तरी माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय पण चालतंय की. आणि मग महिन्या-दीड महिन्याने सुस्ती, थंडी, बद्धकोष्ठ, सूज, आणि तोवर गोळी बंद केल्याची गोष्ट सगळे विसरलेले असतात, मग दोष वयाला. ६१ काय वय आहे का गं! आमच्याकडे ६१च्या बायका काजूच्या बागेत चढ चढतात.

टीएसएच हा आकडा कसा वाचायचा तेही सांगते, कारण रिपोर्ट आला की तुमच्या घरात परत सभा भरणार. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती थायरॉइडला हाक मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. माजघरात बसलेली आजी जशी स्वयंपाकघरातल्या सुनेला हाक मारते ना, “गो, चाय ठेवलंस काय?”, सुनेने लगेच ओ दिली, चहा आला, तर आजी परत तोंड उघडणार नाही. सून ऐकतच नाहीये, चहाचा पत्ता नाही, तर आजीचा आवाज चढत जातो, शेवटी शेजाऱ्यांना ऐकू जातो. तसं थायरॉइड काम करेनासं झालं की टीएसएच चढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी, हे उलटं गणित आहे, आणि लोक इथे हमखास चुकतात, ‘वाढलाय’ म्हणून गोळी कमी करतात! उलट ग्रंथी उगाचच भरमसाट हार्मोन सोडत असली तर आजी गप्पच बसते, टीएसएच एकदम खाली जातो. बऱ्याच लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ असा नॉर्मलचा पट्टा असतो, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे, आणि गरोदर बाईचे आकडे वेगळे धरतात. तपासणी शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये कर, सकाळी, गोळी घ्यायच्या आधी. आणि आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद कर, त्या बऱ्याच मशीनना फसवतात आणि आकडे भलतेच येतात. गोळी सुरू झाल्यावर आठ दिवसांनी लगेच टीएसएच करायची घाई नको, आजीचा राग शांत व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याच्या आधीचा रिपोर्ट म्हणजे पैसे वाया.

कागदावर कधी कधी ‘क्लिनिकली युथायरॉइड’ असं पण लिहितात, ते रक्ताच्या रिपोर्टवरून नसतं, डॉक्टरने माणूस तपासून काढलेलं मत असतं. नाडी बघितली, कातडी कोरडी आहे का बघितली, हात गार आहेत का, आणि एक गंमत, पायाच्या टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टकटक करतात. सगळ्यांचं पाऊल झटक्यात खाली जातं आणि झटक्यात परत येतं. थायरॉइड कमी असलेल्याचं पाऊल खाली जातं पण परत येताना रेंगाळतं, भरतीला होडी किनाऱ्याला लागताना जशी डुलत डुलत येते तसं. एका जुन्या डॉक्टरांनी मला एका पेशंटवर हे दाखवलं होतं, मी तर बघतच राहिले. आणि ज्यांच्या गळ्याला गाठ किंवा सूज आहे पण हार्मोन बरोबर आहे त्यांच्या कागदावर ‘युथायरॉइड गॉयटर’ येतं, म्हणजे गलगंड आहे पण ग्रंथीचं काम ठीक आहे. तिथे युथायरॉइड वाचून गाठीकडे दुर्लक्ष करायचं नाही, गाठीची सोनोग्राफी वगैरे वेगळी चौकशी असते.

सासऱ्यांचं ‘सिक युथायरॉइड’ हे अजून वेगळं प्रकरण. माणूस न्यूमोनियासारख्या मोठ्या दुखण्याने आडवा झाला की शरीर खर्च आवरतं घेतं, त्यात टी-थ्री नावाचं हार्मोन आधी खाली येतं, फार आजारी असेल तर टी-फोर पण, आणि टीएसएच मात्र ठीक किंवा थोडा कमी असतो. ग्रंथी चांगली असते, फक्त आजारपणात आकडे वेडेवाकडे दिसतात. म्हणून त्याला थायरॉइडची गोळी सहसा देत नाहीत, मूळ दुखणं बरं झालं की आकडे आपोआप जागेवर येतात. बरं होतानाच्या दिवसांत टीएसएच थोडे दिवस चढलेला पण दिसू शकतो, ते बघून कोणी कोणी घाबरून गोळी चालू करतो. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी दिली नाही ते बरोबरच केलं. घरी आल्यावर दीड-दोन महिन्यांनी परत एकदा टीएसएच केला होता का तेवढं बघ. केला नसेल तर आता आईंचं रक्त द्यायला जाशील तेव्हा त्यांचंही देऊन टाक.

आता माशांचं. हा प्रश्न मला आमच्या बाजारात शंभर वेळा आलाय, आणि विचारणारा नेहमी एक डोळा बारीक करून विचारतो, जणू काय लॅबवाल्यांनीच हा आजार शोधून काढलाय. समुद्राच्या माशात आयोडीन असतं हे खरं, आणि थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं हेही खरं, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणात २५०. पण आईंचा आजार बहुतेक आयोडीनच्या कमतरतेचा नाहीच. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे थायरॉइड मंद पडायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती चुकून ह्याच ग्रंथीवर उलटते. जपानमधल्या हाकारू हाशिमोतो नावाच्या डॉक्टरने १९१२ मध्ये ते पहिल्यांदा लिहिलं, म्हणून हाशिमोतो म्हणतात. आता जपानी लोक आपल्यापेक्षा जास्तच समुद्राचं खातात की नाही! मग बांगडा आणि सुरमई खाऊन तो कसा थांबणार. घराला पाणी मिळत नाही तेव्हा विहीर आटलेली असेल असं नाही, पंप जळालेला असू शकतो, आणि जळक्या पंपाला विहिरीत अजून पाणी ओतून काही होत नाही. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल असलं काही कोणी विकायला आलं तर घेऊ नको, जास्त आयोडीनने पण थायरॉइड बिघडतो.

मिठाचं मात्र एक सांगते, कारण ह्यात आपल्याकडे अभिमान आड येतो. शिरोड्याची मिठागरं, १९३० चा सत्याग्रह, सगळं खरं, माझंही माहेर त्याच बाजूचं. पण समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीनचं मीठ ही समजूत चुकीची आहे. पाणी उन्हात आटून मीठ बनतं त्यात आयोडीन जवळपास राहतच नाही, ते वरून घालावं लागतं. आपल्या देशात गलगंडाचा कार्यक्रम १९६२ पासून आहे, १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीनच्या कमतरतेचे सगळेच विकार त्यात घेतले, आणि घरात पोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन पाहिजे असा नियम आहे, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. तर खडे मीठ कैरीच्या लोणच्याला आणि मासे खारवायला वापर, रोजच्या आमटीला पाकिटातलं आयोडीनवालं. तुझ्या घरात लहान मूल किंवा दिवस गेलेली कोणी असेल तर हे आईंच्या गोळीइतकंच महत्त्वाचं.

मिस्टरांना कसं पटवायचं हा तुझा खरा प्रश्न, तो तू लिहिला नाहीस पण मला दिसला. ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणू नको, मुंबईतून आईसाठी शोधून वाचणारा मुलगा आहे, त्याची तिथे दूर राहून काळजीच असते. त्याला एक गोष्ट सांग. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने थायरॉइड मंद पडलेल्या एका बाईला पहिल्यांदा मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ४६ वर्षांची बाई. ती सुधारली, अगदी युथायरॉइड झाली म्हण, तेव्हा तो शब्द नसला तरी. मग औषध बंद केलं का, तर नाही. पुढे तोंडाने घ्यायला लागली आणि २८ वर्षं घेत राहिली, १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. मरेने हिशोब ठेवला होता, तेवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांचे थायरॉइड लागले. आईंना तर रोज एक टिकली एवढी गोळी घ्यायची आहे. बाळंतपणानंतर वगैरे काहींना तात्पुरता थायरॉइड होतो आणि डॉक्टर नंतर गोळी काढून बघतात, तसं असतं, पण ते डॉक्टरने रक्त बघत बघत करायचं, फोटो बघून नाही. आणि नवीन रिपोर्ट आला की जुलैच्या रिपोर्टशेजारी ठेवून दोन्हीचा एकत्र फोटो पाठव त्यांना. त्यापुढे तुला काही बोलावं लागणार नाही.

गोळी परत सुरू झाली की तिची सकाळची जागा ठरवून घे. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही नाही. आपल्याकडे अडचण चहाची असते, डोळे उघडायच्या आधी चहा-बटर लागतं. चहा-कॉफीबरोबर गोळी घेतली तर ती नीट शोषली जात नाही. आई पहाटे उठून अंगणात सडा घालतात का? मग सड्याच्या आधी गोळी, सडा-रांगोळी-फुलं होईपर्यंत पाऊण तास जातो, मग खुशाल चहा. उकड्या तांदळाची पेज नंतर दहाला असतेच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर, मी तर सांगते कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर टाक. आणि बाटली कुठे ठेवलीयेस? बहुतेक स्वयंपाकघरात चुलीजवळच्या फळीवर असणार, नाहीतर खिडकीत. ही गोळी ऊन, उष्णता आणि दमट हवा तिन्हीला भिते, आणि आपल्या पावसात तर मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. घट्ट झाकणाची तिचीच बाटली, आतली ती छोटी पुडी फेकायची नाही, आणि आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवायची. सात आठवडे नुसती पडून असलेली जुनी बाटली परत काढण्यापेक्षा तारीख बघून नवीनच आण.

काकींना पण एकदा चहाला बोलाव आणि तो कागद परत त्यांच्या हातात दे, ह्या वेळी बोटाने ‘ऑन थायरॉक्सिन’ दाखव. गावात ही बातमी त्यांच्याइतकी चांगली कोणी पोचवणार नाही, आणि अशा गोळ्या बंद करून बसलेल्या अजून दोघी-तिघी तुमच्या वाडीत नक्की सापडतील.